ही दळत न्हाई : आवाज सुरात आणणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी

भाताची लावणी उरकत आली, चिखलाचे पाय धुऊन आता जरा टेकायला मिळतंय. श्रावण लागला की पंचमीचे फेर, मग भादव्यात गौरी, आणि त्याबरोबर गटागटांत गाणी रेकॉर्ड करायची घाई. गेल्या पंधरवड्यात तीन गटांच्या बायकांनी मला एकच प्रश्न विचारला. नसरापूरच्या एका ताईंनी तर कापूरहोळ फाट्यावर एसटीची वाट बघताना गाठलं. म्हणाल्या, "अगं, ते मोबाईलवर आवाज सुरात आणायचं ॲप असतं ना, ते आमच्या गाण्याला लावून दे की. आमच्यातल्या दोघीतिघी फारच बेसूर आहेत."

लावून देते, असं मी म्हटलं नाही. नाही, असंही म्हटलं नाही. या दोन्हींच्या मधे सांगण्यासारखं बरंच आहे आणि ते एसटी येईपर्यंत उरकणारं नव्हतं. म्हणून आज रेडिओवर सांगते.

मी गाणं शिकलेली बाई नाही. माझं बी.कॉम. झालंय. सासरच्या किराणा दुकानाचे हिशोब करता करता कॉम्प्युटर हाताखाली आला, आणि गेली सहा वर्षं आपल्या केंद्राचे कार्यक्रम कापायला-जोडायला मी बसते. त्यामुळे जे सांगणार आहे ते चुकतमाकत शिकलेलं आहे. एक चूक तर अशी झाली की ती आता भरून निघणार नाही. तिच्याकडे येतेच.

आधी हत्यारांची ओळख. रेकॉर्ड केलेला आवाज ज्या सॉफ्टवेअरमध्ये घेतात, कापतात, जोडतात त्याचं लांबलचक नाव डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन. स्टुडिओतली पोरं नुसतं 'डॉ' म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कोणी डॉक्टर यायचेत. त्यात पडद्यावर एकाखाली एक आडवे पट्टे दिसतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. परसात मेथीचा वाफा वेगळा आणि कोथिंबिरीचा वेगळा असतो, तसंच हे. एका ट्रॅकमध्ये एकीचा आवाज, दुसऱ्यात दुसरीचा, तिसऱ्यात पेटी, चौथ्यात ढोलकी. एका वाफ्याला पाणी सोडलं तरी शेजारचा कोरडा राहतो. मी रीपर नावाचं सॉफ्टवेअर वापरते. आयफोन असेल तर त्यात गॅरेजबँड असतं, आणि साध्या मोबाईलवर बँडलॅब फुकट मिळतं.

सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर या 'डॉ'च्या जोडीला बसतं. ऑटो-ट्यून आणि मेलोडाइन ही त्यातली गाजलेली नावं. रीपरमध्ये रीट्यून म्हणून घरचंच एक मिळतं, बँडलॅबमध्ये ऑटोपिच आहे. नावं वेगळी, काम तेच. भजनाला बसताना आपण पेटीवाल्याला सांगतो ना, काळी चार धरा, पांढरी पाच धरा? तशी याला आधी पट्टी सांगायची. मग ते तुमचा आवाज सेकंदाला किती वेळा थरथरतोय ते मोजतं. नीट लावलेल्या पेटीवर मधल्या सप्तकातली पांढरी सहा 440 वेळा थरथरते. तुम्ही त्या सुराला 430 वर पोहोचलात, तर सॉफ्टवेअर म्हणतं, हिला पांढरी सहाच गाठायची असणार, आणि ओढून 440 वर नेऊन ठेवतं. पेटीवरच्या दोन शेजारच्या सुरांमधल्या अंतराचे 100 भाग धरतात, एका भागाला सेंट म्हणतात. 430 ते 440 म्हणजे जवळजवळ 40 सेंट. ऐकणाऱ्याला कळतं एवढं.

किती झटक्यात ओढायचं, याचंही एक बटण असतं. सावकाश ओढलं तर ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. एकदम ओढलं तर आवाज पायरी-पायरीनं उड्या मारतो, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. 1998 साली शेर या अमेरिकन गायिकेच्या 'बिलीव्ह' गाण्यात ते मुद्दाम केलं होतं आणि जगभर गाजलं. लग्नात डीजेवर जो यंत्रासारखा थरकणारा आवाज ऐकू येतो, तो तिथून सुरू झाला.

हे ऑटो-ट्यून ज्यानं केलं तो अँडी हिल्डेब्रँड, तो मूळचा स्टुडिओतला माणूस नव्हे. जमिनीत धक्के देऊन परत येणाऱ्या लहरींवरून तेल कुठं आहे हे ओळखण्याचं गणित तो करायचा. आपल्याकडे बोअर घेण्याआधी पाणाड्या नारळ घेऊन वावरात फिरतो, तसला धंदा, फक्त गणितानं. एकदा जेवायला बसलेले असताना ओळखीतल्या एका बाई थट्टेनं म्हणाल्या, मला सुरात गाता येईल असं एखादं यंत्र कर की. तेलाच्या लहरींचं तेच गणित त्यानं गळ्याला लावलं आणि 1997 मध्ये ऑटो-ट्यून बाजारात आलं. मला यातलं हे आवडतं की मागणी एका बाईची होती, आणि तीही जेवणाच्या टेबलावर, चेष्टेत.

आता हे हत्यार वाईट आहे का? नाही. मी स्वतः वापरते. मागच्या वर्षी आमच्या गटानं इंद्रायणी तांदूळ आणि नाचणीच्या पापडांची अर्ध्या मिनिटाची जाहिरात केली. तिघी गाणाऱ्या, पट्टी काळी चार, पेटीला शेजारच्या गावचे भजनी बुवा. तिघींचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतले. सगळं छान झालं, पण वरच्या सुरावर एक शब्द एकीचा जरा खाली राहिला. पहाटे चारला उठून दोन गाई पिळून आलेली बाई, गळा थकणारच. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा ती घरी गेली होती आणि पुढचे आठ दिवस लावणीत अडकली होती. मी तिचा ट्रॅक उघडला, तेवढा एकच शब्द निवडला, 40 सेंट खाली होता तो 30 सेंट वर उचलला. पुरा 40 नाही उचलला. दहा तसेच ठेवले, कारण अगदी काट्यावर बसवला की तो शब्द बाकीच्या गाण्यातून वेगळा उठून दिसतो, जुन्या लुगड्याला नवं ठिगळ दिसावं तसा. नंतर तिला ऐकवलं. तिला कळलंही नाही. मी सांगितल्यावर म्हणाली, "बरं केलंस, नाहीतर मला पुन्हा यावं लागलं असतं." तिथं हे सॉफ्टवेअर उपयोगाचं आहे. पेटीच्या पट्टीत गायलेलं गाणं, एकीचा एक ट्रॅक, एखादा घसरलेला शब्द.

चूक झाली ती दुसरीकडे, आणि ती माझी.

आमच्या गटात एक आजी आहेत. माहेर वेल्ह्याकडचं, राजगडाच्या पायथ्याचं. लग्न होऊन आमच्या बाजूला आल्या त्याला साठ वर्षं होऊन गेली. जात्यावरच्या ओव्या किती येतात, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. एक संपली की दुसरी आपोआप निघायची, हातातलं दळण सरेपर्यंत. तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आम्ही त्यांच्या पडवीत बसून त्यांच्या अकरा ओव्या घेतल्या. जातं एरवी हळदीपुरतंच फिरतं, पण त्या दिवशी आजींनी खरोखर नाचणी घेतली, समोरून नातसुनेनं खुंट्याला हात लावला. मोबाईल पालथ्या पातेल्यावर ठेवला होता. भावाच्या ओव्या, माहेरच्या वाटेच्या, विठ्ठलाच्या. पलीकडं हायवे, ट्रक चालूच होते. अंगणात कोंबड्या. मला वाटलं, असं कसं लोकांना ऐकवायचं? गटाच्या वर्धापनदिनाला ओव्या लावायच्या होत्या, प्रत्येकीला पेन ड्राईव्हवर द्यायच्या होत्या. मी रेकॉर्डिंग घेऊन पुण्यातल्या एका स्टुडिओत गेले आणि तिथल्या मुलाला म्हटलं, "छान करून दे."

त्यानं छान करून दिलं. जात्याची घरघर गेली, ट्रक गेले, कोंबड्या गेल्या. आवाज स्वच्छ, गोड, एका पट्टीत. मागे हलकासा तंबोराही लावला होता. मला तर रडू आलं, इतकं सुंदर वाटलं.

वर्धापनदिनाला तीसेक बायका जमलेल्या. स्पीकरवर ओवी लावली. टाळ्या पडल्या. आजी पुढच्या खुर्चीवर होत्या, त्या हात कानाशी नेऊन ऐकत होत्या. दुसरी ओवी झाल्यावर मला जवळ बोलावून विचारलं, "पोरी, कोन गातीया गं?"

मी म्हटलं, "आजी, तुम्हीच की!"

त्यांनी पुन्हा ऐकलं. मग म्हणाल्या, "न्हाय. गळा ग्वाड हाय तिचा. पर ही दळत न्हाई."

शेजारच्या बायका हसल्या. मीही हसले. रात्री भांडी घासताना ते वाक्य पुन्हा आठवलं आणि मग हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मूळ रेकॉर्डिंग मागायला स्टुडिओत फोन केला. त्या मुलानं काम त्याच फाईलवर केलं होतं. मूळ फाईल उरली नव्हती. माझ्या मोबाईलमधली मी स्वतः पुसली होती, दिराच्या लग्नाच्या व्हिडिओला जागा हवी म्हणून. त्या मुलाला मी बोल लावत नाही. छान कर म्हटलं, त्यानं त्याच्या परीनं छान केलं. मूळची प्रत सांभाळणं माझं काम होतं. अकरा ओव्यांतून वाचली ती दीड ओवी, तीही नातसुनेनं तिच्या बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवली होती म्हणून. दाबून लहान केलेला आवाज, एक मिनिट चाळीस सेकंद.

मग मी दुरुस्त केलेली ओवी आणि ती वाचलेली ओवी एकाखाली एक दोन ट्रॅकवर लावल्या. आजींना जे एका वाक्यात कळलं होतं ते मला समजायला दोन रात्री लागल्या. मूळ ओवीत आजी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत हळूहळू वर चढत जातात, साधारण 50 सेंट. दळण अंगात आलं की बाईचा सूर चढतो, तिला पेटी धरून ठेवत नाही. जात्याला कुठली आलीय पट्टी? पण 50 सेंट म्हणजे दोन सुरांच्या बरोबर मधोमध. तिथं सॉफ्टवेअरची पंचाईत होते. वरच्या सुराकडे ओढू की खालच्या? त्या मुलानं सगळं खालच्या पट्टीला ठोकून बसवलं. चढणं गेलं. दुसरं, आजी कुठल्याही सुरावर थेट पाय ठेवत नाहीत. खालून घसरत येतात, खुंटा आपल्याकडं ओढताना आवाज वाकतो, ढकलताना सुटतो. सॉफ्टवेअरला ती घसरण चूक वाटली, त्यानं तिच्या पायऱ्या केल्या. आणि ओळीच्या मधे आजींचा एक हुंकार असतो, दम घेण्याचा. तो गोंगाट म्हणून साफ झाला होता. आवाज आजींचाच राहिला, अंगातली मेहनत तेवढी निघून गेली.

पुढच्या हिवाळ्यात आजींना अर्धांगाचा झटका आला. आता बऱ्या आहेत, बोलतात, नातवंडांना हाक मारतात. ओवी मात्र येत नाही. सुरुवात करतात आणि थांबतात.

आपलं कापूरहोळ धाराऊंचं गाव. संभाजीराजे 1657 मध्ये पुरंदरावर जन्मले, सईबाईंना दूध येईना, तेव्हा कापूरहोळच्या धाराऊ गाडे गडावर गेल्या आणि त्यांनी बाळाला पाजलं. हे नाव इतिहासात टिकलं, हेच मोठं. पण पाजताना त्यांनी बाळाला काय म्हणून झोपवलं, कुठल्या चालीवर, ते कोण सांगणार? तेव्हा आवाज धरून ठेवायला काहीच नव्हतं. माझ्या हातात मोबाईल होता.

त्यानंतर मी जुनी रेकॉर्डिंग शोधून ऐकायला लागले, आणि तेव्हा मला कळलं की आपल्याच डोंगरपट्ट्यात केवढं काम होऊन गेलंय. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ. प्वातवाँ मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यात येऊन इथलेच झाले. या दोघांनी 1980च्या दशकापासून मुळशी-मावळच्या डोंगरातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. ते काम महाराष्ट्रभर पसरलं. गावातल्याच बायका-माणसं त्यांच्याबरोबर राबली, ओव्या ऐकून वहीत उतरवून घेतल्या. एक हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. गाणारी कोण, कुठल्या गावची, हेही नोंदलेलं. 1990च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कितीतरी ओव्या रेकॉर्ड केल्या. प्वातवाँ 2004 मध्ये गेले, हेमाताई 2010 मध्ये. 2017 पासून पारी या संकेतस्थळावर त्या ओव्या एकेक करून येत आहेत, मराठीतूनही वाचता येतात. मोबाईलवर 'पारी जात्यावरच्या ओव्या' असं टाकून बघा. कदाचित तुमच्या माहेरच्या गावचं नाव निघेल.

त्या ऐकताना माझं लक्ष एका गोष्टीकडं गेलं. कोणाचाही गळा पेटीवर आणून बसवलेला नाही. कोणी खोकतं, कोणी अडखळतं, दुसरी मधेच ओळ उचलते. पन्नास वर्षांनी कोणाला ही चाल शिकायची असेल, तर ती तिथं आहे, आहे तशी.

गंमत म्हणजे सूर मोजण्याच्या कामात हे बर्नार्ड बेल मुरलेले होते. ओव्यांकडे येण्याआधी, 1980च्या दशकात, त्यांनी गाण्यातला सूर क्षणाक्षणाला मोजून त्याची रेघ काढणारं यंत्र बनवलं होतं, आणि मुंबईच्या एनसीपीएतल्या अभ्यासकांबरोबर आपल्या रागगायनावर ते वापरलं होतं. गवई दोन सुरांच्या मधे नेमका कुठं थांबतो, कसा घसरतो, हे त्या रेघेत दिसायचं. मोजायचं होतं ते काय घडलं हे समजायला. आज आपल्या मोबाईलमधलं ॲप तेच मोजतं आणि लगेच ओढायला धावतं.

मोजणं आणि ओढणं वेगळं करता येतं, हे मला त्यातून सुचलं, आणि ते एका मुलीच्या कामी आलं. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी, नववीत आहे. दिवसभर गाते. तिनं बँडलॅबवर ऑटोपिच लावून दोन गाणी केली, मैत्रिणींना पाठवली, वाहवा झाली. शाळेच्या स्नेहसंमेलनात मात्र माईकसमोर गेली आणि पहिल्या ओळीनंतर गप्प. नंतर आईला म्हणाली, "माझा खरा आवाज घाण आहे." चौदा वर्षांची पोर.

मैत्रिणींनो, हे तुमच्या घरातही होत असेल. सिनेमातलं गाणं असो, रील असो, आज जे कानावर पडतं त्यातलं बरंचसं असं दुरुस्त होऊन आलेलं असतं. नावाजलेल्या गायिकांचंही होतं. आपली मुलगी स्वतःच्या कच्च्या गळ्याची तुलना त्या इस्त्री केलेल्या गळ्याशी करते आणि खाली मान घालते. तुम्हीही करता. फाट्यावरच्या ताईंनी आपल्या मंडळींना बेसूर म्हटलं, ते कशाशी तुलना करून?

त्या मुलीला मी केंद्रावर बोलावलं. रीपरमध्ये तिचा आवाज घेतला आणि रीट्यून उघडलं, पण दुरुस्ती बंद ठेवून. नुसती रेघ बघायची. तिला दिसलं की तिचे बहुतेक सूर जागेवर आहेत. ओळीच्या शेवटी दम संपतो आणि तिथं ती खाली येते, दर वेळी तिथंच. म्हणजे खोट गळ्यात नव्हती, दम घेण्याच्या जागेत होती. मी तिला म्हटलं, इथं आधी श्वास घे. तिनं घेतला, रेघ सरळ आली. आता दर रविवारी येते. लाजणं गेलेलं नाही, माईक दिसला की अजून दाराकडं बघते. पण ऑटोपिच लावू का, असं विचारत नाही.

तर आता आम्ही कसं करतो ते सांगते, म्हणजे तुम्हाला उपयोग होईल. गाणं घेतल्यावर पहिली प्रत कोणीही हात न लावता बाजूला ठेवायची, दोन ठिकाणी. एक केंद्राच्या कॉम्प्युटरवर, एक गटाच्या पेन ड्राईव्हवर, आणि तो पेन ड्राईव्ह गटाच्या हिशोबाच्या वहीबरोबर पेटीत. नावात तारीख, गाव आणि कोण गातंय ते लिहायचं. काय कापायचं, काय उचलायचं ते सगळं दुसऱ्या प्रतीवर. शिवाय रीपरसारख्या 'डॉ'मध्ये केलेली दुरुस्ती मूळ फाईलला न बिघडवता वरून लावता येते आणि हवी तेव्हा काढता येते. बाहेर काम द्याल तेव्हा हे तोंडी नाही, लिहून सांगा: मूळ फाईल परत हवी.

दुरुस्तीची वेळच येऊ नये याची खटपट आधी करा, ती स्वस्त पडते. पेटीवाल्याबरोबर बसून पट्टी ठरवा. बुवांची पट्टी काळी एक असेल तर ती बायकांनी ओढूनताणून धरायची नाही. आपल्याला पांढरी पाच किंवा काळी चार सोयीची पडत असेल तर बुवांना सांगायचं, बुवा, आज आमच्या पट्टीत. यात संकोच करतो आपण. अर्ध्या बायका बेसूर वाटतात त्या परक्या पट्टीत गातात म्हणून. जेवण झाल्या झाल्या रेकॉर्डिंगला बसू नका. पंखा बंद, हायवेकडची खिडकी बंद, भिंतीला दोन गोधड्या. आणि दोनदा गा. दुसऱ्या वेळी निम्म्या चुका आपोआप जातात.

आठ बायका एका मोबाईलसमोर, टाळ-ढोलकीसकट गात असतील तर हे सॉफ्टवेअर विसरा. ते एका वेळी एक गळा ओळखतं. आठ गळे आणि ढोलकी एकत्र आली की ते गोंधळतं आणि जे बरं होतं तेही बिघडवतं. तिथं काही करायचंच असेल तर मोबाईल जरा मागं ठेवा आणि जिचा आवाज मोठा तिला मागच्या रांगेत उभी करा. त्यावरून रुसवाफुगवी होते, ते मला माहीत आहे.

आणि ओवी, पाळणा, गौरीचं गाणं, मरणाच्या दारातलं रडगाणं, जे पेटीशिवाय जन्मलं आहे त्याला मी हे सॉफ्टवेअर लावत नाही. कोणी कितीही म्हटलं तरी. घरघर फारच असेल तर आवाज थोडा वर-खाली करते, तेवढंच. बाकी गाण्यांचं जिचा गळा तिला ऐकवून, तिनं हो म्हटलं तर. आजींना आधी ऐकवलं असतं तर ते वाक्य तीस बायकांसमोर यायच्या ऐवजी माझ्या कानात आलं असतं, आणि तेव्हा मूळ फाईल मोबाईलमध्ये होती.

नसरापूरच्या ताई, ऐकत असाल तर गुरुवारी दुपारी दोनला या, सगळ्या मिळून. त्या दोघीतिघींना घरी ठेवून येऊ नका. पेटी केंद्रावर आहे. पट्टी आपण इथंच ठरवू.

आता आजींना विचारून ती दीड ओवी लावते. मधे एक ट्रक जातो, तेवढा ऐकून घ्या.